आधी पंखे लावा

आर्थिक वर्ष संपलं की अप्रेझलचे फॉर्म निघतात. नागपुरात मिहानमधल्या आयटी कंपन्यांत निघतात, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत निघतात, सीताबर्डीवरच्या बँकांतही निघतात. अलीकडे काही फॉर्मांवर एक नवा रकाना आला आहे: ग्रोथ माइंडसेट. कर्मचाऱ्याने आधी स्वतःला गुण द्यायचे, मग साहेबाने द्यायचे, मग दोघांनी समोरासमोर बसून तफावतीवर बोलायचं.

हा रकाना चुकीच्या माणसाच्या फॉर्मवर छापला आहे. तो साहेबाच्या फॉर्मवर हवा. त्याच्याही आधी मालकाच्या.

कल्पनेशी माझं भांडण नाही. कॅरल ड्वेक या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक २००६ साली आलं. म्हणणं सरळ आहे. काही लोक मानतात की कुवत जन्मतः ठरलेली असते, काही मानतात की ती मेहनतीने, योग्य पद्धतीने आणि दुसऱ्याच्या मदतीने वाढते. दुसऱ्या प्रकारची माणसं अवघड कामाला हात घालतात आणि चुकलं तरी सोडत नाहीत. १९९८ साली ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सोपं कोडं सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं सांगितलं. हुशार ठरवलेली मुलं पुढे सोप्या कामाकडे वळली आणि एकदा अवघड कोड्यावर अडखळल्यावर नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कामाकडे गेली.

इथवर ठीक. पुढे या कल्पनेचं ऑफिसांत काय झालं ते वाईट आहे. माणूस वाढू शकतो, असं ड्वेक म्हणाल्या. ऑफिसांनी त्याचा अर्थ लावला की वाढला नाही तर दोष त्या माणसाचा. सॉफ्टवेअर बदललं, ट्रेनिंग दिलं नाही, काम अडलं. शेरा काय, तर ‘बदल स्वीकारण्याची वृत्ती कमी’. तीन माणसांचं काम एकावर टाकलं, तो थकला. शेरा काय, तर ‘आव्हानाला सामोरं जाण्याची तयारी नाही’. खुद्द ड्वेक यांना २०१५ साली लेख लिहून सांगावं लागलं की ही कल्पना मुलांना दोष देण्यासाठी वापरली जात आहे आणि नुसत्या प्रयत्नाची शाबासकी देऊन शिकवण्याचं काम टाळलं जात आहे. त्या शाळांबद्दल बोलत होत्या. आपल्या ऑफिसांना ते शब्दशः लागू पडतं.

* * *

कामाच्या ठिकाणी माणूस कसा वाढतो याचं उदाहरण शोधायला नागपूरकराने कॅलिफोर्नियाला जाऊ नये. गांधीसागरापर्यंत जावं.

१ जानेवारी १८७७. त्या दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं आणि त्याच दिवशी नागपुरात, जुम्मा तलावाजवळच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळच्या, दलदलीत भर घालून उभी केलेली जमशेदजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली. म्हणून ती एम्प्रेस मिल. कंपनी १८७४ साली निघाली होती, भांडवल १५ लाख रुपये. गिरणी काढायची तर मुंबईत, असा त्या काळचा समज. जमशेदजींनी नागपूर निवडलं, कारण कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा आणि रेल्वे दाराशी. इथल्या एका सावकाराने पैसा द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतो आहे, असं त्याचं मत होतं. गिरणी चालल्यावर त्यानेच मत बदललं, असं टाटांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे.

गिरणी चालवायला जमशेदजींनी आणलं बेझनजी दादाभाई मेहता यांना. मेहता जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सूत कसं कातलं जातं याचा त्यांना अनुभव नव्हता. आजच्या भरतीत त्यांचा अर्ज पहिल्या चाळणीत गळाला असता, कारण जाहिरातीत ‘याच क्षेत्रातला किमान दहा वर्षांचा अनुभव’ अशी अट असते. जमशेदजींनी माणूस पाहिला, त्याचं कामाचं डोकं पाहिलं आणि धंद्याचं ज्ञान शिकून घेता येईल असं धरून चालले. पण मेहतांना त्यांनी एकटं सोडलं नाही. तांत्रिक बाजू सांभाळायला लँकेशरचे जेम्स ब्रुक्सबी शेजारी होते. शिकणाऱ्याच्या शेजारी जाणता बसवला तरच शिकणं होतं. आपल्याकडे नव्या मॅनेजरला खुर्ची देतात, पासवर्ड देतात आणि सोमवारपासून टार्गेट देतात. जाणत्या माणसाने तोवर स्वेच्छानिवृत्ती घेतलेली असते.

सुरुवात खराब झाली. पहिली यंत्रं स्वस्तातली होती. माल हलका निघाला, कंपनीच्या शेअरचा भाव उतरला. जमशेदजींनी यंत्रं बदलली. हे एक वाक्य ऑफिसात मोठ्याने वाचायला हवं. माल हलका निघाला म्हणून यंत्रं बदलली.

मग रिंग फ्रेमची गोष्ट. त्या काळी लँकेशर म्यूल यंत्रावर सूत काढायचं. रिंग फ्रेम नवी होती आणि विलायतेतल्या जाणकारांचाही तिच्यावर पुरता विश्वास बसलेला नव्हता. एम्प्रेसमध्ये १८८०च्या दशकाच्या आरंभी अशा दोन फ्रेम मागवल्या. दोनच. त्या चालवून पाहिल्या, वेग वाढवून पाहिला, मग बाकीच्या आल्या. दोन फ्रेम फसल्या असत्या तर गिरणी बुडाली नसती. प्रयोग करायचा तो एवढाच करावा, म्हणजे करणाऱ्याला घाम फुटत नाही. ‘चुकायला घाबरू नका’ असं भाषणात सांगणाऱ्या कंपन्यांत असे दोन फ्रेमचे कोपरे कुठे आहेत ते मला दाखवा. चुकण्यासाठी जागा, वेळ आणि थोडा पैसा आधी बाजूला काढलेला नसेल तर ते वाक्य फसवणूक आहे, कारण ते ऐकून खरंच चुकणारा माणूस वर्षअखेर सापडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खाडे. गिरणीत रोज सरासरी पाचातला एक कामगार कामावर यायचाच नाही. कारखानदारांचं यावर ठरलेलं मत होतं: हे लोक आळशी आहेत, यांना यंत्राची शिस्त लागणार नाही. अनेक ठिकाणी दंड आणि पगारकपात हाच उपाय. एम्प्रेसमध्ये वेगळा विचार झाला. शेतावरून आलेला माणूस गिरणीत टिकावा असं गिरणीत काय आहे, हा प्रश्न विचारला गेला. उत्तर होतं, फारसं काही नाही. मग हवा खेळवण्याची सोय झाली. धूळ ओढणारे पंखे बसले, हवेत ओल राखणारी यंत्रं बसली, आग विझवणारे फवारे बसले. नीट येणाऱ्यांना बक्षिसं सुरू झाली. १८८६ साली निवृत्तीसाठी निधीची योजना आली, १८९५ साली अपघाताची भरपाई आली. कामगारांना नुकसानभरपाई देणारा कायदा देशात १९२३ साली झाला आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली. नागपुरातली एक गिरणी कायद्याच्या काही दशकं पुढे चालत होती. शिवाय पदवीधर तरुणांना उमेदवार म्हणून घ्यायचं आणि खात्याखात्यांतून फिरवून काम शिकवायचं, ही पद्धतही तिथे होती.

पंख्यांकडे आणि ओल राखणाऱ्या यंत्रांकडे पुन्हा पाहा. कोरड्या हवेत कापसाचा धागा तुटतो. नागपूरचा मे महिना किती कोरडा असतो हे नागपूरकराला सांगायला नको. धागा सारखा तुटला की दोष सांधणाऱ्या हातावर ढकलता येतो: हात जड आहे, लक्ष नाही, याला जमणार नाही. हवेत ओल आली की तोच हात, तोच कापूस आणि धागा टिकतो. कुवत कुठे वाढली? हवेत वाढली. ऑफिसातही असंच आहे. कुवतीचा मोठा भाग माणसाच्या डोक्याबाहेर असतो. चांगल्या साधनांत असतो, स्पष्ट सूचनांत असतो, शेजारच्या सहकाऱ्याकडे असतो, विचारलेल्या प्रश्नाला न चिडता मिळालेल्या उत्तरात असतो.

गिरणीला देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या काळी गिरण्यांचे दिवस भयंकर लांब होते. कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या तासांना कायद्याने पहिली मर्यादा घातली १९११ साली, तीही बारा तासांची. आणि एम्प्रेसचा शेवट दुःखाचा झाला. १९८०च्या दशकात ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद पडली. आज तिथे मॉल आहे. तिथे खरेदीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की याच जमिनीवर देशातल्या सगळ्यात पहिल्या कामगार-योजनांपैकी काही आखल्या गेल्या? महापालिकेने निदान एक मोठा, वाचता येईल असा फलक तिथे लावावा.

* * *

‘तुले नाही जमत, राहू दे.’ आपल्याकडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये, दुकानात, सरकारी कचेरीत हे वाक्य ऐकू येतं. प्रेमानेही म्हटलं जातं. पण ज्याला ते रोज ऐकावं लागतं तो प्रश्न विचारणं सोडतो, कारण प्रश्न विचारला की न जमण्याचा पुरावा समोरच्याच्या हातात जातो. मग तो अंदाजाने काम करतो. अंदाज चुकतो. साहेब म्हणतो, बघा, मी सांगत होतो.

याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या दीडशे प्राध्यापकांना आधी विचारलं गेलं की बुद्धी वाढते असं तुम्ही मानता की ती ठरलेली असते. मग त्यांच्या वर्गांतल्या पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण पाहिले. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. बुद्धी ठरलेली असते असं मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गात वंचित वांशिक गटांतले विद्यार्थी इतरांच्या जितके मागे होते, ते अंतर दुसऱ्या प्रकारच्या प्राध्यापकांच्या वर्गातल्या अंतराच्या दुपटीपर्यंत गेलं होतं. विद्यार्थ्यांच्या मनात काय आहे हे इथे विचारलंच नव्हतं. शिकवणाऱ्याच्या मनात काय आहे ते विचारलं होतं, आणि फरक तिथून पडला.

त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये आणखी एक मोठा प्रयोग आला. अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे बारा हजार मुलांना तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला: मेंदू वाढतो, कुवत वाढते. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण थोडे वाढले. फार नाही, थोडेच. आणि जिथे वर्गातली इतर मुलंही अवघड कामाला मान देत होती, तिथे फायदा अधिक झाला. एचआर खात्यांनी हे नीट वाचावं. एका दिवसाच्या कार्यशाळेने, चांगल्या हॉटेलातल्या जेवणासकट, माणूस बदलत नाही. मंगळवारी तो परत त्याच टेबलावर येतो, त्याच साहेबासमोर.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण भाषणांत हमखास येतं. हैदराबादचे सत्या नडेला २०१४ साली प्रमुख झाले, त्यांनी ड्वेक यांची कल्पना कंपनीभर नेली, कंपनी सावरली. भाषणात एक गोष्ट गाळली जाते. नडेला येण्याच्या आधी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने माणसांना सक्तीने वरच्या-खालच्या श्रेणीत वाटण्याची पद्धत बंद केली होती. आपल्याकडे ती बेल कर्व्ह या नावाने सगळ्यांना ठाऊक आहे. टीममधल्या इतक्यांना वरचं रेटिंग आणि इतक्यांना खालचं, मग काम कसंही झालेलं असो. अशा टीममध्ये शेजाऱ्याला शिकवणारा माणूस स्वतःचं रेटिंग घालवतो. ज्या कंपनीत बेल कर्व्ह आहे त्या कंपनीने ग्रोथ माइंडसेट हा शब्द उच्चारू नये. दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

* * *

आता दुसऱ्या उदाहरणासाठी जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर चला.

विदर्भाचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. ‘विदर्भाची पोरं तिथवरच’ हे आमच्याच शहरात, पानठेल्यावर, मान हलवून बोललं जायचं. या साठ वर्षांत पोरं प्रयत्न करत नव्हती, असं कुणी म्हणू शकेल का?

बदललं काय ते पाहा. वर्धा रोडवर हे नवं मैदान झालं, २००८ साली तिथे कसोटी झाली. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने लहान वयाच्या पोरांना हेरून नागपुरात निवासी अकादमीत ठेवायला सुरुवात केली. बाहेरून जाणती माणसं आणली. वसीम जाफर चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, तो ड्रेसिंग रूममध्ये आला. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. त्याआधी मुंबईने अंतिम सामना गमावला आणि त्यांना सोडलं होतं. २०१७-१८ च्या मोसमात फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भ उपांत्य फेरीत पोचला. कोलकात्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवलं. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबाणीने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती इतिहासातली दुसरी. हा गुरबाणी सिव्हिल इंजिनीअर. अक्षय वाडकरने १३३ काढले. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून विजेता झाला. पुढच्या वर्षी जामठ्यालाच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून पुन्हा. त्या मोसमात जाफरने हजारावर धावा केल्या.

आणि २०२५. तिसरा करंडक, या वेळी कर्णधार वाडकर, प्रशिक्षक उस्मान घनी. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित, पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले, एका रणजी मोसमातला विक्रम. यश राठोडने ९६० धावा केल्या, मोसमातल्या सर्वाधिक. आणि करुण नायर. २०१६ साली कसोटीत नाबाद ३०३ करणारा माणूस, कर्नाटकाच्या संघातून बाहेर पडलेला. २०२२ च्या डिसेंबरात त्याने क्रिकेटकडे जाहीरपणे आणखी एक संधी मागितली होती. विदर्भाने ती दिली. अंतिम सामन्यात त्याने ८६ आणि १३५ केल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो इंग्लंडमध्ये भारताकडून पुन्हा कसोटी खेळला.

माझ्या लेखी विदर्भाच्या कहाणीत सगळ्यात मोलाचा माणूस मात्र वेगळा आहे. उमेश यादव. खापरखेड्याजवळची वलनी कोळसा खाण, वडील खाणीत कामगार. पोरगा पोलिसात शिपाई व्हायला निघाला होता, ते झालं नाही. तोवर तो टेनिस बॉलने खेळत होता. लेदर बॉल हातात आला तेव्हा विशीत पोचला होता. कागदावर पाहिलं तर वय निघून गेलेलं. २००८ साली त्याला विदर्भाकडून रणजी खेळायला मिळालं. २०११ च्या नोव्हेंबरात तो कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. त्याच्या वेगाला तंत्राची जोड नव्हती, तेव्हाच कुणीतरी म्हटलं की हा शिकेल. शिकलेला माणूस निवडायला डोळे लागत नाहीत, गुणपत्रिका पुरते. शिकेल असा माणूस निवडायला निवडणाऱ्याची स्वतःची किंमत मोजायची तयारी लागते, कारण तो शिकला नाही तर बोट निवडणाऱ्याकडे वळतं.

* * *

आता एक अवघड गोष्ट, आणि ती नागपुरात बोललीच पाहिजे.

कुवत जन्मावर ठरते, हे मत आपल्या देशात मानसशास्त्राच्या पुस्तकातून आलेलं नाही. ते शेकडो वर्षं समाजाचा कायदा होतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त होता. कारण हे सांगितलं जायचं की विणकराला धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि इतरांना त्याचा विटाळ होतो. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्या माणसांच्या वृत्तीत काय कमी होतं? खात्याचं दार बंद होतं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात, दीक्षाभूमीवर, लाखो माणसांनी जन्माने ठरवलेली पायरी नाकारली. माणूस बदलू शकतो यावरचा एवढा मोठा सामुदायिक विश्वास जगात फार थोड्या ठिकाणी दिसला आहे.

म्हणून मला नागपूरच्या ऑफिसांना विचारायचं आहे. ट्रेनिंगसाठी नावं पाठवताना कुणाची पाठवता? कंत्राटी माणसाचं नाव असतं का? तो पाच-सहा वर्षं तेच मशीन चालवतो आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईचं असतं का, की ‘तिला आता घर बघायचं आहे’ असं तिच्या वतीने तुम्हीच ठरवता? पन्नाशीतल्या कारकुनाचं? इंग्रजीत अडखळणाऱ्या, पण कामात चोख असलेल्या गडचिरोलीच्या पोराचं? शिपायाला एक्सेल शिकायचं असेल तर त्याला संध्याकाळी कॉम्प्युटर मिळतो का? नावांची यादी काढा आणि आडनावं, वयं, कराराचे प्रकार पाहा. तुमच्या कंपनीची वृत्ती काय आहे ते त्या एका कागदावर लिहिलेलं सापडेल.

सगळ्यांना सगळं जमतं, असं मी म्हणत नाही. ड्वेकही म्हणत नाहीत. काही माणसं खरंच शिकत नाहीत, टाळतात, दुसऱ्याच्या कामावर सही करतात. कर्मचाऱ्याचीही बाजू असते: अर्धवट काम वेळेवर दाखवणं, ‘कळलं नाही’ हे पहिल्याच दिवशी सांगणं, चूक झाकून न ठेवणं. पण यातली प्रत्येक गोष्ट समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर अवलंबून आहे. चूक सांगितल्यावर साहेब पहिलं वाक्य काय बोलतो, यावर पुढची चूक त्याला कळणार की नाही ते ठरतं. ‘हे कुणी केलं?’ असं विचारणाऱ्याला पुढच्या वेळी काहीच कळत नाही. ‘हे कसं झालं?’ असं विचारणाऱ्याला कळतं.

मालकांना आणखी एक आठवण. उमेदवारी कायदा १९६१ सालचा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे असतात, विद्यावेतन देऊन, शिकवण्यासाठी. हा ऐच्छिक उपक्रम नाही, कायदा आहे. बुटीबोरी-हिंगण्यातल्या प्रत्येक कारखानदाराने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: माझे उमेदवार किती आहेत, आणि ते शिकतात की फक्त स्वस्तात राबतात? आयटीआयमधून दर वर्षी पोरं बाहेर पडतात. त्यांना यंत्र कसं चालतं ते थोडंफार ठाऊक असतं. ते बिघडल्यावर काय करायचं, हे जाणत्या फिटरच्या शेजारी उभं राहूनच कळतं.

आणि वाचकहो, तुम्ही साहेब नसाल, फॉर्म भरणारे असाल, तर तुमच्यासाठी. यंदा अप्रेझलच्या खोलीत ‘तुम्ही वाढायला हवं’ असं कुणी म्हटलं की मान डोलावून बाहेर येऊ नका. चार गोष्टी विचारा. नेमकं कोणतं काम मी शिकायचं आहे? मला कोण शिकवणार? त्यासाठी कामाच्या वेळातले किती तास मिळणार? शिकताना चूक झाली तर ती माझ्या रेटिंगमध्ये जाईल का? उत्तरं तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा. उत्तर आलं तर मनापासून कामाला लागा. असा साहेब मिळणं भाग्याचं आहे. उत्तर आलं नाही तर त्या रकान्यातला कमी गुण तुमचा नाही.